न आलेले मत उभ्या बाटलीला
दारूबंदीच्या मतदानात बहुमत असूनही हार का होते? नांदेड-लातूरच्या संदर्भात एक मागोवा

एखाद्या प्रश्नावर गावातील बहुसंख्य लोकांचे मत उघडपणे एका बाजूचे असावे, त्यासाठी मोर्चे निघावेत, निवेदने दिली जावीत, आणि प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी मात्र तोच पक्ष हरावा, हा अनुभव लोकशाहीला नवा नाही. महाराष्ट्रात तो सर्वाधिक ठळकपणे दिसतो तो दारूबंदीच्या मतदानात. 'उभी बाटली' म्हणजे दुकान चालू राहावे आणि 'आडवी बाटली' म्हणजे ते बंद व्हावे, अशी सोपी चिन्हे असलेल्या या मतदानात आडव्या बाटलीला उभ्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक मते पडूनही दुकान चालूच राहू शकते. याचे कारण मतपेटीत नसून मतदार यादीत आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची सामाजिक व भौगोलिक रचना लक्षात घेतली, तर हे कारण अधिक स्पष्ट होते.

थेट मतदानाचा दुर्मीळ अधिकार

भारतात एका विशिष्ट प्रश्नावर थेट मत देण्याची संधी सामान्य नागरिकास जवळजवळ मिळतच नाही. आपण प्रतिनिधी निवडतो आणि प्रतिनिधी निर्णय घेतात. गांजाचेच उदाहरण घेतले, तर तो १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतो. त्यावरील बंदी ठेवावी की उठवावी, हे ठरविण्याचा अधिकार संसदेचा आहे. कोणत्याही गावाला वा जिल्ह्याला त्यावर मतदान घेता येत नाही. दारूचे तसे नाही. मद्य हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असून महाराष्ट्रात त्याचे नियमन १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होते. कायद्याचे नाव दारूबंदीचे असले, तरी प्रत्यक्षात त्याच कायद्याखाली परवाने दिले जातात आणि त्यातून राज्याच्या तिजोरीत मोठा महसूल जमा होतो.

या व्यवस्थेत स्थानिक नागरिकांना, विशेषतः स्त्रियांना, आवाज मिळाला तो शासनाच्या आदेशांमुळे. २००८ मध्ये गावांसाठी आणि २००९ मध्ये नगरपालिका व महानगरपालिकांच्या प्रभागांसाठी परवानाधारक दुकाने मतदानाने बंद करण्याची कार्यपद्धती ठरविण्यात आली. तिचा गाभा असा : गावातील किंवा प्रभागातील एकूण महिला मतदारांपैकी अथवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी दुकान बंद करण्याची लेखी मागणी करावयाची. राज्य उत्पादन शुल्क विभागाने सह्यांची पडताळणी करावयाची. मागणी वैध ठरल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान घ्यावयाचे, आणि त्यात एकूण महिला मतदारांपैकी अथवा एकूण मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली, तर दुकान बंद करावयाचे.

या वाक्यातील 'एकूण' हा शब्द निर्णायक आहे. तो 'झालेल्या मतदानापैकी' असा नाही.

गणित कसे चालते?

समजा, एखाद्या गावाच्या मतदार यादीत १,२०० स्त्रियांची नावे आहेत. मागणी करण्यासाठी ३०० सह्या पुरतात. बचत गटाच्या चार कार्यकर्त्या दोन-तीन संध्याकाळी घरोघर हिंडल्या, तर त्या जमू शकतात. मतदानात मात्र ६०१ मते लागतात. विधानसभा वा लोकसभेच्या निवडणुकीप्रमाणे ६० टक्के, म्हणजे ७२० स्त्रिया मतदानास आल्या, असे मानू. त्यांतील ५८० जणींनी आडव्या बाटलीवर आणि १४० जणींनी उभ्या बाटलीवर शिक्का मारला, तर आडव्या बाटलीच्या बाजूने पडलेली मते ८० टक्क्यांहून अधिक होतील. कोणत्याही निवडणुकीत हा विजय दणदणीत मानला गेला असता. येथे मात्र तो पराभव ठरतो, कारण ६०१ चा आकडा गाठला गेला नाही. मतदान निम्म्यावर थांबले, तर आलेल्या प्रत्येक स्त्रीने आडव्या बाटलीला मत देऊनही दुकान बंद होत नाही.

म्हणजेच जी स्त्री घरी राहिली, तिचे मत व्यवहारात उभ्या बाटलीला गेले. दुकानदाराला एकही मत मागण्याची गरज नसते. लोकांनी घराबाहेर पडू नये, एवढे त्याला पुरते. दारूबंदीच्या समर्थकांना मात्र निम्म्याहून अधिक यादी एकाच दिवशी, काही तासांत, मतदान केंद्रावर आणावी लागते.

यादीतील सर्व नावे गावात राहणाऱ्या व्यक्तींची नसतात, ही दुसरी अडचण. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत वर्षानुवर्षे राहतात. मृतांची नावे वगळली जात नाहीत. रोजगारासाठी पुणे, मुंबई वा हैदराबादला गेलेली कुटुंबे यादीत असतात. नव्याने आलेल्या सुनांची नावे मात्र नोंदविलेली नसतात. वरील गावातील १,२०० पैकी १५० नावे अशी असतील, तर प्रत्यक्ष राहणाऱ्या १,०५० स्त्रियांमधूनच ६०१ मते मिळवावी लागतात. यादीतील ते १५० जण कधीच येणार नाहीत, पण मोजले मात्र जाणार आहेत.

नांदेड-लातूरचे वास्तव

नांदेड जिल्ह्यात सोळा आणि लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार, तर लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार होती. दोन्ही जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगररांगांचा कोरडवाहू पट्टा आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्यामुळे पुरुषाबरोबर स्त्रीलाही जावेच लागते. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, या स्त्रिया पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असतात. त्या काळात गावात दारूबंदीचे मतदान ठरले, तर दारूचा त्रास ज्यांना सर्वाधिक होतो, त्याच स्त्रिया मतदानाला मुकतात. सह्यांची मागणी पावसाळ्यात झाली आणि पडताळणी, अहवाल, आदेश या प्रक्रियेत मतदान हिवाळ्यात जाऊन पडले, तर एका सहीमागे असलेली स्त्री मतदानाच्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर फडात असू शकते.

शहरांत अडचणीचे स्वरूप वेगळे आहे. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये, तर लातूर महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली. दोन्ही शहरे शिक्षणाची केंद्रे झाली असून, मुलांच्या अकरावी-बारावीसाठी व वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी अनेक कुटुंबे तेथे भाड्याने राहतात. शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर परमिट रूम वा बिअर शॉपी असल्याची तक्रार याच कुटुंबांतील माता करतात. परंतु त्यांचे मत असते मूळ गावच्या यादीत. याउलट प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, त्या दुकानाशी काहीही संबंध न येणाऱ्या हजारो स्त्रिया यादीत असतात. ज्यांना प्रश्न जाणवतो त्यांना मत नाही आणि ज्यांना मत आहे त्यांना प्रश्न जाणवत नाही, असा हा पेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा निर्णय दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून त्याची अंमलबजावणी झाली. लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि पुढे शहरी हद्दींतील दुकानांना त्यातून सवलत मिळाली. रस्त्यावरून हटलेले दुकान वस्तीत येऊ पाहते, तेव्हा विरोधही वस्तीतूनच होतो. अनेक ठिकाणी स्त्रियांच्या आंदोलनांना या स्थलांतराने नवे निमित्त मिळाले.

समर्थक का येत नाहीत?

दारूबंदीला पाठिंबा देणारी प्रत्येक स्त्री मतदानाला येतेच, असे नाही. यामागे उदासीनता हे एकमेव कारण मानणे अन्यायाचे ठरेल. मतदानाचा दिवस सार्वजनिक सुटीचा नसतो. मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीला मत देण्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. गाव लहान असते. मत गुप्त असले, तरी मतदानाला जाणे गुप्त नसते. उभ्या बाटलीचे समर्थक बहुधा घरीच राहणार हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, केंद्रावर गेलेली स्त्री कोणत्या बाजूची, याचा अंदाज गावाला सहज येतो. अनुपस्थितीलाच मताचे मूल्य मिळाले, की उपस्थिती उघड होते आणि गुप्त मतदानाचे संरक्षण दुबळे पडते. पती, दीर वा सासरा दुकानाचा नियमित गिऱ्हाईक असेल, तर घरातून होणारा विरोध हा सर्वांत परिणामकारक ठरतो.

एकाच प्रश्नावर एकत्र आलेल्या समूहाची आणखी एक मर्यादा असते. राजकीय पक्षाकडे केंद्रनिहाय कार्यकर्ते, याद्या, वाहने आणि मतदाराला घरून आणण्याचा वर्षानुवर्षांचा सराव असतो. दारूबंदीच्या समितीकडे असते ती तळमळ. मोर्चाला आलेल्या दोनशे स्त्रियांचा उत्साह पाहून विजय निश्चित आहे, असे वाटू लागते. मोर्चाला न आलेल्या हजार स्त्रियांकडे कोणी जात नाही. मोर्चातील गर्दी आणि मतदार यादी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मतमोजणीच्या संध्याकाळी कळते.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेत गांजाला कायदेशीर मान्यता देण्याच्या प्रश्नावर अनेक राज्यांत थेट मतदान झाले. तेथील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१० मध्ये असा प्रस्ताव सुमारे ५३.५ टक्के विरोधी मतांनी फेटाळला गेला. ती अध्यक्षपदाची निवडणूक नसलेली मध्यावधी निवडणूक होती आणि अशा वर्षी तरुणांचे मतदान नेहमीच घसरते. प्रस्तावाला सर्वाधिक पाठिंबा होता तो याच तरुणांचा. २०१६ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीबरोबर झालेल्या मतदानात, तशाच स्वरूपाचा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी संमत झाला. फ्लोरिडात राज्यघटनेतील दुरुस्तीसाठी ६० टक्के मते लागतात. वैद्यकीय वापराचा प्रस्ताव तेथे २०१४ मध्ये ५७.६ टक्के मते मिळूनही पडला आणि २०१६ मध्ये ७१ टक्के मतांनी संमत झाला. मतदान केव्हा होते आणि विजयाची रेषा कोठे आखली आहे, यांवर निकाल किती अवलंबून असतो, हे यातून दिसते.

तेथे निदान झालेल्या मतदानाचीच टक्केवारी काढली जाते. इटलीत मात्र कायदा रद्द करण्याच्या सार्वमतात निम्म्याहून अधिक मतदार आले नाहीत, तर निकालच ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे तेथील विरोधक 'विरोधी मत द्या' असे न सांगता 'मतदानालाच जाऊ नका' असा प्रचार करतात. जून २०२५ मधील नागरिकत्व व कामगार कायद्यांवरील सार्वमत सुमारे ३० टक्के मतदानामुळे निष्फळ ठरले. महाराष्ट्राचा दारूबंदीचा नियम अमेरिकेपेक्षा इटलीच्या जवळचा, किंबहुना त्याहून कडक आहे. कारण येथे निम्मे मतदार येऊन भागत नाही, निम्म्याहून अधिक मतदारांनी एकाच चिन्हावर शिक्का मारावा लागतो.

नांदेडच्या सीमेलगतचा अनुभव आणखी वेगळा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके आज तेलंगणाला आणि पूर्वी अविभाजित आंध्र प्रदेशाला लागून होते. त्या राज्यात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावातून १९९२ च्या सुमारास स्त्रियांचे अरकविरोधी आंदोलन पसरले. १ ऑक्टोबर १९९३ पासून अरकबंदी झाली. १९९४ च्या विधानसभा निवडणुकीत एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदीचे आश्वासन दिले, मोठे बहुमत मिळविले आणि जानेवारी १९९५ मध्ये ती लागू केली. १९९७ मध्ये चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारने ती मागे घेतली. महसुलाची हानी आणि शेजारच्या राज्यांतून होणारी चोरटी आवक ही त्यामागील प्रमुख कारणे होती. तेथील स्त्रियांनी गावातील दुकानाविरुद्धची लढाई सार्वत्रिक निवडणुकीच्या मुद्द्यात रूपांतरित केली, म्हणून त्यांच्या मताला वजन आले. बिहारमध्ये २०१५ च्या विधानसभा निवडणुकीत स्त्रियांचे मतदान ६० टक्क्यांहून अधिक, तर पुरुषांचे सुमारे ५३ टक्के होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, तेथे दारूबंदी आली.

महाराष्ट्रात गडचिरोलीत १९९३ मध्ये, तर चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून जिल्हाव्यापी दारूबंदी झाली. या दोन्हींमागे दीर्घ लोकआंदोलने होती. चंद्रपूरची बंदी मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठविण्यात आली. सरकारच्या निर्णयाने आलेली बंदी सरकारच्या निर्णयाने जाऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मराठवाड्यात मताचे मूल्य

नांदेड व लातूरच्या सार्वत्रिक निवडणुकांत दारू हा प्रश्न निर्णायक ठरलेला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दोन्ही मतदारसंघांत ६० ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान मतदान झाले. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या नांदेडच्या पोटनिवडणुकीत रवींद्र चव्हाण केवळ १,४५७ मतांनी विजयी झाले. एवढ्या फरकाने लोकसभेचा निकाल लागत असेल, तर काही गावांतील संघटित स्त्रियांनीही उमेदवारांना या प्रश्नावर भूमिका घेण्यास भाग पाडणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी त्या मतदानाला येतात, असा लौकिक आधी निर्माण व्हावा लागतो. मतदानाला न येणाऱ्या समूहाची मागणी कोणताही उमेदवार गांभीर्याने घेत नाही.

केवळ नाराजी नोंदविणेही पुरेसे नसते. लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत 'नोटा'ला सुमारे साडेसत्तावीस हजार मते पडली आणि तो पर्याय थेट दुसऱ्या क्रमांकावर राहिला. निकालावर त्याचा कायदेशीर परिणाम शून्य होता. तेथे केंद्रावर येऊन दिलेले मत मोजूनही निरर्थक ठरले. दारूबंदीच्या मतदानात न दिलेले मत निर्णायक ठरते.

पुढचा मार्ग

नियम कडक असण्यामागे तर्क नाही, असे म्हणता येणार नाही. परवाना शासनानेच दिलेला असतो, शुल्क भरून व्यवसाय चालतो आणि त्यावर काहींचा रोजगार असतो. तो मूठभर लोकांच्या मताने बंद होऊ नये, ही भूमिका रास्त आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याचे उत्पादन शुल्क खाते तेव्हा सांभाळणारे अजित पवार यांनी विधानसभेत प्रभागांतील दुकानांबाबत, झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मते विरोधात गेल्यास दुकान बंद करण्याची भूमिका मांडली. या सूत्रात रेषा उंच आहे, परंतु न आलेल्या व्यक्तीचे मत कोणाच्याही खात्यावर टाकले जात नाही. वरील काल्पनिक गावातील ७२० पैकी ५८० मतांना हे सूत्र लावले, तर दुकान बंद झाले असते.

नियम काहीही असो, मागणी करणाऱ्यांच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. सह्या गोळा करण्यापूर्वी मतदार यादी तपासावी. मृत व स्थलांतरितांची नावे वगळण्यासाठी सात क्रमांकाचा, नव्या सुनांच्या नोंदणीसाठी सहा क्रमांकाचा आणि पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज असतो. ऊसतोडीच्या गावांनी मागणी अशा वेळी करावी, की मतदान हंगामाबाहेर येईल, आणि तशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी. पडताळणीच्या दिवशी सह्या करणाऱ्या स्त्रिया गावात राहतील, याची व्यवस्था करावी. मतदानाच्या दिवशी मजुरीवर जाणाऱ्यांसाठी सकाळची वेळ राखावी, वृद्धांसाठी वाहन ठेवावे, आणि गल्लीनिहाय यादी घेऊन कोण आले, कोण राहिले, याची नोंद ठेवावी.

विजयानंतरही काम संपत नाही. या मतदानाने बंद होते ते परवानाधारक दुकान; हातभट्टी, चोरटी देशी दारू वा सीमाभागातील शिंदी त्याने थांबत नाही. त्यासाठी पोलीस व उत्पादन शुल्क विभागाचाच पाठपुरावा करावा लागतो. हातभट्टीवाल्यांवर स्थानबद्धतेची कारवाई करण्याची तरतूद १९८१ च्या महाराष्ट्र कायद्यात आहे. तिचा वापर व्हावा, असा आग्रह ग्रामसभेला धरता येतो.

दारूच्या दुकानाविरुद्ध सही करणे आणि त्याच्याविरुद्ध मत देणे, यांत काही महिन्यांचे अंतर असते. त्या काळात पडताळणी होते, आदेश निघतो, हंगाम बदलतो आणि घरोघरी दबावही येतो. सही केलेल्या तीनशे जणी टिकल्या आणि त्यांनी प्रत्येकी आणखी एकीला घराबाहेर काढले, तरी आकडा सहाशेवर थांबतो. निर्णायक ठरते ती त्यानंतरची एक.